गोल न मारणाऱ्यासाठी बाराशे कोटी का? मिडफिल्डरचं करिअर, सोप्या भाषेत

ऑगस्ट २०२३ मध्ये चेल्सी या इंग्लंडमधल्या क्लबने ब्रायटन या दुसऱ्या क्लबकडून मोइसेस कैसेडो या एक्वाडोरच्या २१ वर्षांच्या मिडफिल्डरला घेतलं. करारातल्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या तर रक्कम ११.५ कोटी पाउंड, म्हणजे त्या वेळच्या दराने बाराशे कोटी रुपयांच्या घरात. त्याच उन्हाळ्यात डेक्लन राइस आर्सेनलला गेला आणि ज्यूड बेलिंगहॅम रियाल माद्रिदला. तिघेही मधल्या फळीतले. आणि कैसेडोने ब्रायटनसाठी लीगमध्ये मारलेले गोल एका हाताच्या बोटांवर मोजून होतात.

रविवारी सकाळी परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर कडेला उभ्या असलेल्या आईबाबांमध्ये अशा बातम्यांचा विषय हमखास निघतो. आपला मुलगाही मधेच खेळतो, गोल त्याच्याही नावावर नाहीत, मग त्याचं पुढे काय होणार? त्यात २०२५ साली आपली इंडियन सुपर लीग (आयएसएल) काही महिने ठप्पच झाली. तेव्हापासून या प्रश्नात कुतूहलापेक्षा काळजी जास्त असते.

मिडफिल्डर हा मैदानावरचा सगळ्यात सावकाश घडणारा खेळाडू आहे, आणि तो घडतो फक्त पूर्ण लांबीच्या, खऱ्या चुरशीच्या सामन्यांत. त्याचा भाव, त्याचे करार, त्याचं वय, कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी याच मुद्द्यापाशी यावं लागतं. आपल्याकडे मुलांची गुणवत्ता कमी नाही. कमी आहेत ते सामने.

मधे उभा राहून तो करतो काय?

मधल्या फळीत साधारण तीन जण असतात आणि तिघांची कामं वेगळी. पोरं त्यांना आकड्यांनी ओळखतात. ‘सिक्स’ बचावाच्या पुढ्यात थांबतो, समोरच्याचा हल्ला मोडतो आणि चेंडू नीट पुढे देतो. ‘एट’ दोन्ही गोलच्या मधलं सगळं मैदान पळून काढतो. ‘टेन’ आघाडीच्या मागे राहून गोलची संधी तयार करतो. एवढे तीन आकडे कळले की पुढचं सोपं आहे.

व्यावसायिक सामन्यात मिडफिल्डर दहा ते बारा किलोमीटर पळतो, बहुतेक वेळा संघात सगळ्यात जास्त. पण पळणं हा त्याचा खरा गुण नाही. बचावपटूला बहुतेक खेळ समोर दिसत असतो. मिडफिल्डरच्या चारी बाजूंना माणसं असतात. चेंडू पायाशी आल्यावर इकडेतिकडे बघायला सवडच नसते, म्हणून त्याला आधीच बघून ठेवावं लागतं.

अंधेरीच्या स्टेडियममध्ये प्रेक्षक मैदानाच्या बरेच जवळ बसतात. तिथे मुंबई सिटीचा सामना बघायला गेलात तर दहा मिनिटं चेंडू सोडून द्या आणि फक्त ‘सिक्स’कडे बघा. चेंडू आपल्या बचावपटूकडे आहे, वीसेक मीटरवर. हा आधी डाव्या खांद्यावरून मागे बघतो, मग उजव्या. पास निघाला की आणखी एकदा. तोवर त्याचं अंग तिरकं झालेलं असतं, एक खांदा आपल्या गोलकडे आणि दुसरा समोरच्या. आलेला चेंडू तो जवळच्या पायाने अडवत नाही. अंगासमोरून जाऊ देतो आणि लांबच्या पायाने घेतो. त्या एका स्पर्शात त्याचं तोंड पुढे वळतं आणि पाठीवर धावून आलेला प्रतिस्पर्धी मागे पडतो. सरळ उभं राहून घेतला असता तर चेंडू आल्या वाटेने परत द्यावा लागला असता. टीव्हीवर यातलं फारसं दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो.

गायर यॉर्डेट या नॉर्वेच्या संशोधकाने प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या मानेच्या हालचाली मोजल्या. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून बघतात, त्यांचे पुढे दिलेले पास जास्त यशस्वी होतात, असं त्याला आढळलं. मुंबईतले चांगले प्रशिक्षक बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ‘शोल्डर चेक कर’ म्हणून घसा फोडून सांगतात, ते याचसाठी. मैदानावर ‘मॅन ऑन!’ अशी हाक ऐकू आली की समजावं, पाठीमागे माणूस आहे हे मुलाने स्वतः बघितलेलं नव्हतं. मित्राने वाचवलं.

गोल नाहीत, मग मोल कसं ठरतं?

तो नसला की संघाचं काय होतं, यावरून. मँचेस्टर सिटीने २०२३-२४ पर्यंत प्रीमियर लीग सलग चार वेळा जिंकली. सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्ध त्यांचा ‘सिक्स’ रोद्री याचा गुडघा गेला आणि जवळपास सगळा हंगाम तो बाहेर बसला. सिटी तिसरी आली. एकाच माणसामुळे हे झालं असं म्हणणं चूक ठरेल, संघ थकलाही होता आणि इतर दुखापतीही होत्या. पण त्याच ऑक्टोबरमध्ये बॅलन डोर हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार रोद्रीला मिळाला, आणि तो घ्यायला तो कुबड्यांवर आला होता.

त्याहून बोलकं उदाहरण क्लोद मकेलेले या ‘सिक्स’चं. २००३ मध्ये रियाल माद्रिदने त्याला चेल्सीला विकलं आणि त्याच उन्हाळ्यात डेव्हिड बेकहॅमला आणलं. जाहिरातींच्या हिशेबाने सौदा झकास होता. पण २००२-०३ ची स्पॅनिश लीग जिंकलेल्या माद्रिदला पुढची लीग जिंकायला २००६-०७ उजाडलं. मकेलेले ज्या चेल्सीत गेला तिने २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत अवघे १५ गोल खाऊन लीग जिंकली. ‘सिक्स’चा भाव क्लबांना त्यानंतर खऱ्या अर्थाने कळला, असं मला वाटतं.

बाराशे कोटी त्याच्या खिशात जातात का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो, त्यामुळे जरा थांबू.

ऐरोलीच्या किंवा पवईच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्याला हे लगेच कळेल. नोकरी बदलताना तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो. नव्या कंपनीला माणूस लगेच हवा असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरून ती जुन्या कंपनीकडून त्याला सोडवून घेते. तो बायआउट जुन्या कंपनीला मिळतो. कर्मचाऱ्याला मिळतो तो नव्या जागेचा पगार. ट्रान्सफर फी म्हणजे हेच, फक्त नोटीस तीन महिन्यांची नसून कराराची उरलेली सगळी वर्षं मोजली जातात. करार जितका लांब शिल्लक, तितकी फी मोठी. करार संपत आला की फी घसरते, संपला की शून्य.

म्हणून शेवटच्या वर्षात पोहोचलेल्या खेळाडूची क्लबला घाई असते. फिफाच्या नियमानुसार करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करून ठेवू शकतो. आंद्रेआ पिर्लो हा इटलीचा मिडफिल्डर २०११ मध्ये करार संपल्यावर मिलान सोडून एक पैसा फी न लागता युव्हेंटसला गेला, आणि युव्हेंटसने लगोलग लीग जिंकायला सुरुवात केली.

मग चेल्सीने एवढी फी परवडवली कशी? त्यांनी कैसेडोशी आठ वर्षांचा करार केला. हिशेबाच्या वहीत फी एका वर्षात न लिहिता कराराच्या वर्षांवर वाटून लिहितात, त्यामुळे दरवर्षीचा बोजा लहान दिसतो. ही पळवाट बघून यूएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने २०२३ मध्येच ही वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणली.

फीमधला एक छोटा वाटा मात्र मुलाला लहानपणी शिकवणाऱ्या क्लबांचा असतो, आणि तो आपल्या कामाचा आहे. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरमध्ये फीच्या ५ टक्के रक्कम खेळाडू १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांत नोंदलेला होता त्यांच्यात वाटली जाते. १२ ते १५ या वयासाठी दर हंगामाला फीच्या पाव टक्का, त्यापुढे दर हंगामाला अर्धा टक्का. शंभर कोटींच्या ट्रान्सफरमध्ये १२ ते १५ ही चार वर्षं मुलाला घडवणाऱ्या छोट्या क्लबला एक कोटी मिळतात. गल्लीतल्या एखाद्या क्लबला तेवढ्यात कित्येक वर्षं मैदान, प्रशिक्षक आणि बूट पुरवता येतील. पण अट एकच: मुलाची नोंदणी कागदोपत्री झालेली हवी. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी पद्धत आहे, तिला सीआरएस म्हणतात. मुलगा वर्षानुवर्षं एखाद्या अकादमीत जातोय आणि त्याचा सीआरएस क्रमांकच नाही, असं असेल तर फिफाच्या दृष्टीने ती वर्षं झालीच नाहीत.

क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकतो का?

एकेकाळी करार संपल्यावरही ठेवू शकत होता. बेल्जियमचा ज्याँ-मार्क बोस्मान हा काही मोठं नाव असलेला मिडफिल्डर नव्हता. १९९० मध्ये लिएज क्लबबरोबरचा त्याचा करार संपला. क्लबने पगार चौथाईवर आणून नवा करार पुढे केला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं, पण लिएजने त्याला सोडला नाही. तो युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, आणि १५ डिसेंबर १९९५ ला निकाल लागला: करार संपला की खेळाडू मोकळा, फीचा प्रश्नच येत नाही. पाच वर्षं गेली होती, त्याचं खेळण्याचं वय त्यातच सरलं होतं. आज करार संपल्यावर मोठ्या पगारावर क्लब बदलणारा प्रत्येक खेळाडू त्याचा ऋणी आहे.

दुसरा मोठा लढाही एका मिडफिल्डरनेच दिला. २०१४ मध्ये लासाना दियारा याचं लोकोमोटिव्ह मॉस्कोशी बिनसलं, करार मोडला. त्याने क्लबला सुमारे एक कोटी युरो द्यावेत असा निर्णय झाला, आणि त्याला घेणाऱ्या नव्या क्लबवरही त्या रकमेची जबाबदारी येणार होती. मग त्याला घेणार कोण? बेल्जियमच्या शार्लरुआ क्लबशी जवळपास ठरलेला करार बारगळला. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय न्यायालयाने फिफाचे हे नियम युरोपच्या कायद्यात बसत नाहीत असं सांगितलं, आणि फिफाला ते बदलायला लागले.

कितव्या वर्षी कळतं की मुलगा होणार?

आघाडीपटूचा वेग सतराव्या वर्षी दिसतो. मिडफिल्डरचं तसं नाही. त्याचं काम ओळखीवर चालतं. अशी परिस्थिती आधी पाहिलेली असली की पुढची चाल सुचते, आणि ती पाहायला सामने लागतात. म्हणून सतरा ते एकवीस या वयात मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा लहान क्लबमध्ये नव्वद मिनिटं खेळणं कधीही बरं. क्लब अशा मुलाला हंगामापुरता दुसऱ्या क्लबकडे देतात, त्याला लोन म्हणतात. पालकांना वाटतं, मुलाला काढून टाकलं. तसं नसतं.

क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉद्रिच अठरा वर्षांचा असताना डिनामो झाग्रेब या त्याच्या क्लबने त्याला बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तारला लोनवर दिलं. अंगाने किरकोळ पोरगा, आणि धसमुसळा खेळ चालणारी लीग. पुढच्या वर्षी पुन्हा लोन, या वेळी इंटर झाप्रेशिच. मग परत डिनामो, तिथून टॉटनहॅम, २०१२ मध्ये रियाल माद्रिद, आणि २०१८ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बॅलन डोर. २०२५ मध्ये चाळिशीला टेकलेला मॉद्रिच माद्रिद सोडून मिलानला गेला, तोही खेळायलाच. कैसेडोचंही तेच. ब्रायटनने त्याला घेतल्यावर आधी बेल्जियमच्या बीरशॉटला लोनवर पाठवलं, आणि तो क्लब तेव्हा गुणतक्त्याच्या तळाशी होता.

मिडफिल्डर टिकतो जास्त, कारण वेग कमी झाला तरी खेळाचं वाचन वाढत जातं. ‘एट’ वयाबरोबर मागे सरकून ‘सिक्स’ होतो. पिर्लो तर ‘टेन’चा ‘सिक्स’ झाला आणि तिथेच मोठा झाला.

या सगळ्यात दुखापत मोठा खड्डा पाडते. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला की शस्त्रक्रियेनंतर परतायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, कधी त्याहून जास्त. घाईने परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याची भीती मोठी असते. मिडफिल्डर दिवसभर वळत, थांबत, परत सुटत असतो, म्हणून मुलाच्या जांघेत किंवा गुडघ्यात रोज दुखत असेल तर ‘होईल बरं’ म्हणून सोडू नका. फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पोरगा रोज टर्फवर खेळतो, तेवढं पुरत नाही?

मुंबईत आता गच्चीवर, शाळेच्या आवारात, मॉलच्या मागे टर्फ आहेत. पाच-पाच, सहा-सहा जणांचा खेळ. त्याचा फायदा खरा आहे. अरुंद जागेत चेंडू पायाला चिकटून राहतो, पहिला स्पर्श सुधारतो, दडपणाखाली डोकं शांत राहतं. मला हे टर्फ आवडतात. ते नसते तर उपनगरातल्या हजारो मुलांना चेंडूला पाय लावायला मिळाला नसता.

पण तीस-चाळीस मीटरच्या टर्फवर मिडफिल्डर घडत नाही. अकरा जणांच्या मैदानाची लांबी शंभर मीटरच्या पुढे. तिथे लांबच्या कडेला एकटा उभा असलेला विंगर दिसावा लागतो, आपला बचाव वर सरकलाय की नाही हे कळावं लागतं, चेंडू गेल्यावर मागे किती पळायचं याचा अंदाज लागतो. टर्फवर जाळी असते, चेंडू बाहेर जातच नाही, त्यामुळे खेळ कधी संथ करायचा आणि कधी वाढवायचा हेही मूल शिकत नाही. सामना साधारण तासाभराचा, बदली हव्या तितक्या. ऐंशीव्या मिनिटाला पाय जड झालेले असताना योग्य पास कसा शोधायचा, हे शिकायला ऐंशीवं मिनिट यावं लागतं.

पूर्ण मैदानं मुंबईत मोजकीच: कुपरेज, नेव्हिल डिसोझा, परळ, अंधेरी अशी थोडी नावं. त्यावर शाळा, क्लब, लीग सगळ्यांचे सामने. जूननंतर पावसाने मातीच्या मैदानांचा चिखल होतो, आणि कृत्रिम गवताची मैदानं सगळ्यांना पुरत नाहीत. कोल्हापुरात चित्र वेगळं आहे. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीसमोर खेळतात, आणि सतरा-अठराचा मुलगा तिशीतल्या खेळाडूला भिडतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. तो आघाडीचा खेळाडू, पण अशी स्पर्धा मधल्या फळीच्या मुलाला दुप्पट लाभते.

मग भारतात अडतं कुठे?

तोच २०१७ चा संघ बघा. त्यातले जीक्सन सिंग, सुरेश सिंग वांगजम आणि मिझोरामचा अपुइया (पूर्ण नाव लालेंगमाविया राल्टे) हे तिघे मिडफिल्डर. महासंघाने तेव्हा इंडियन अ‍ॅरोज नावाचा फक्त तरुण मुलांचा संघ आय-लीग या मोठ्या क्लबांच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवला होता. ही मुलं तिथे दर आठवड्याला मोठ्यांशी खेळली, बरेचदा हरली. तिघेही पुढे भारताच्या मुख्य संघात आले. अपुइया विशीतच नॉर्थईस्ट युनायटेडचा कर्णधार झाला, २०२१ मध्ये मुंबई सिटीत आला आणि इथे गुणतक्त्यात पहिलं येणाऱ्याला मिळणारी लीग शिल्डही जिंकली, अंतिम सामन्यानंतर मिळणारा चषकही. २०२४ मध्ये, ज्या मोहन बागानला अंतिम सामन्यात हरवलं तिथेच तो गेला. अ‍ॅरोज संघ २०२२ मध्ये बंद झाला. माझ्या मते भारतीय फुटबॉलने गेल्या दहा वर्षांत घेतलेल्या वाईट निर्णयांत हा वरच्या क्रमांकावर आहे.

दुसरी अडचण परदेशी खेळाडूंची जागा. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा अकरांत सहा परदेशी खेळवता यायचे. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. प्रशिक्षकाची नोकरी निकालावर असते, त्यामुळे तो परदेशी खेळाडू संघाच्या कण्यात बसवतो: मधला बचावपटू, मिडफिल्डर, स्ट्रायकर. भारतीय मुलं कडेला ढकलली जातात. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने लीग आणि चषक दोन्ही जिंकले, तेव्हा मधल्या फळीची सूत्रं अहमद जाहू आणि ह्यूगो बुमू यांच्याकडे होती. दोघेही उत्तम, आणि त्यांच्याशेजारी खेळून आपली मुलं शिकलीही. पण सूत्रं हाती घ्यायला आपल्या मुलांना क्वचितच मिळाली.

तिसरी अडचण आकड्यांची. पहिल्या हंगामात लीगचे सामने प्रत्येक संघाला १४. २०२४-२५ मध्ये १३ संघ आणि प्रत्येकी २४ सामने, म्हणजे हळूहळू बरं चाललं होतं. मग महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं, म्हणून जुलैमध्ये हंगाम स्थगित झाला. काही क्लबांनी पगार थांबवले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून छोट्या हंगामाची घोषणा केली: १४ क्लब, ९१ सामने. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला लीगचे १३. वीस वर्षांच्या मुलासाठी हे नुकसान पगाराहून मोठं आहे, कारण त्या वयातला हंगाम पुढे भरून काढता येत नाही.

पूर्वी निदान नोकरी तरी मिळायची, आता?

हा आक्षेप वडीलधाऱ्यांकडून येतो आणि तो रास्त आहे. मुंबईचं फुटबॉल कितीतरी वर्षं कचेऱ्यांच्या जोरावर चाललं. रेल्वे, एअर इंडिया, ओएनजीसी, बँका, कस्टम्स, पोर्ट ट्रस्ट. खेळाडू पगारावर असायचा, तिशीनंतर टेबलावर बसायचा, घर चालायचं. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंद झाला. एकेक करत बरेच संघ गेले. खेळाडू कोट्यातून रेल्वेसारख्या ठिकाणी अजून भरती होते, आणि राज्य सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेची प्रमाणपत्रं जपून ठेवावी लागतात आणि पदवी हातात लागते. त्यामुळे शिक्षण सोडू नये, हे माझं ठाम मत आहे.

खेळून झाल्यावर मिडफिल्डरला एक वाट इतरांहून जास्त मोकळी असते, प्रशिक्षकाची. ग्वार्दिओला, आन्चेलोत्ती, देशाँ, झाबी आलोन्सो, आर्तेता, सगळे मिडफिल्डर. आपल्याकडे खालिद जमील. महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी असा मुंबईतच खेळलेला मिडफिल्डर, दुखापतींनी खेळणं आवरतं घ्यावं लागलं. मग मुंबई एफसीचा प्रशिक्षक, २०१६-१७ मध्ये ऐझॉल या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक. या कामासाठी आशियाई महासंघाच्या परवान्यांची पायरी असते, सी, बी, ए आणि प्रो. पहिली पायरी खेळत असतानाच चढता येते.

सही करण्याआधी

मुलाला करार मिळतोय याचा आनंद मोठा असतो, आणि नेमक्या त्या आनंदात कागद वाचायचे राहतात. अठरा वर्षांखालच्या मुलाशी तीन वर्षांहून लांब करार फिफाच्या नियमात बसत नाही. कोणी पाच वर्षांचा कागद पुढे केला तर सही करू नका. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार सोडता येतो. ती नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्याने होत नाही, पोहोच ठेवून ईमेल करा. कराराची सही झालेली एक प्रत घरी असलीच पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका मुलाकडे ती नव्हती. पगार अडला तेव्हा करार होता हेच आधी सिद्ध करावं लागलं, आणि त्यात हंगाम निघून गेला. वाद झाला तर महासंघाची खेळाडूंसाठीची समिती आहे, आणि फुटबॉलपटूंची संघटनाही आहे.

खेळायला मिळण्याची किंमत नियमांनीही मान्य केली आहे. हंगामात क्लबच्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी सामन्यांत उतरवलेला प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू ‘खेळाचं कारण’ दाखवून करार सोडण्याची मागणी करू शकतो, हंगामातल्या शेवटच्या सामन्यानंतर पंधरा दिवसांच्या आत. नवख्या मुलाला हे कलम सहसा लागू पडत नाही. म्हणून त्याच्यासाठी बोलणी आधीच करावी लागतात. पगार किती, हे सगळेच विचारतात. त्याच बैठकीत क्लबला विचारा: तुमचा दुसरा संघ कुठल्या लीगमध्ये खेळतो, त्याचे वर्षाला सामने किती, गेल्या हंगामात एकोणीस वर्षांखालच्या किती मिडफिल्डरांना तुम्ही पूर्ण नव्वद मिनिटं खेळवलंत, आणि पहिल्या संघात जागा नसेल तर जानेवारीत लोनवर सोडाल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर ते करारात लिहून घ्या.